परशा, तू मिरजेला गेलाच नव्हतास

परशा, ये, इकडं ये बघू. असा उंबऱ्यात उभा राहू नको. पुढं सरक, माझ्यापाशी बस. हात दाखव. बघ, नखांत ती काळी घाण अजून तशीच आहे. राखेनं घासून ये म्हणून आयुष्यभर सांगितलं तुला, आणि आयुष्यभर तू "व्हय आक्का" म्हणून तेच हात धोतराला पुसून जेवायला बसलास. आज पुसलेस तरी चालतील. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि आज तू मधेच उठून त्या गाडीपाशी जायचं नाहीस.

तुझं तेरावं झालं. माणसं आली, जेवली, तुझं चांगलं बोलून गेली. आपली शहापूरची सगळी गल्ली म्हणाली, परशराम म्हणजे देवमाणूस. मी ओसरीच्या कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि माझ्या तोंडात शिवी येत होती. देवमाणूस कसला? सख्ख्या बहिणीला, तीही थोरली, तिला समोर बसवून रंगवून रंगवून खोटं सांगणारा माणूस. दसरा झाल्यावर मिरजेच्या दवाखान्यात छाती दाखवून आलो म्हणालास. तू मिरजेला गेलाच नव्हतास. हे मला तू गेल्यावर कळलं, आणि तेव्हापासून मला रडू येईना झालंय. तानू तुझी बायको म्हणून रडली, इंदू लेक म्हणून रडली, शेजारणी रिवाज म्हणून रडल्या. मी एकटी दात आवळून बसले आहे. लोकांना वाटतं, आक्का दगड झाली.

तर पहिल्यापासून बोलते. मला मधूनच सुरुवात करता येत नाही हे तुला माहीत आहे.

लढाई संपली आणि लष्कराच्या कँपातलं जुनंपानं सामान लिलावात निघालं. आधीच सुताचं रेशन, निम्मे माग बंद, आणि तू विणकराच्या घरात जन्मलेला माणूस मागावरून उठून लिलावाला गेलास आणि बाजूला डबा जोडलेली फटफटी घेऊन आलास. ती फटफटत आलीच नाही. बैलगाडीच्या मागं दोरानं बांधून आली. तानूनं तरी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी विचारलं, "परशा, ही चालणार काय रं?" तर म्हणालास, "चालती आक्का. तिचं पोट तेवढं सुधारायला पाहिजे." गल्लीतल्या सगळ्यांची लुगडी त्या डब्यात भरून संकेश्वरच्या, निपाणीच्या बाजाराला न्यायची, म्हणजे माग पुन्हा खडखडतील, असं तुझं गणित. गणित चांगलं होतं. ते मी तेव्हाही म्हणाले होते, आताही म्हणते.

पण चालू झाल्यावर ती काळा धूर ओकायला लागली. समोरच्या पार्वताक्कानं वाळत घातलेलं धुतलेलं सूत काळं झालं. ती दारात येऊन म्हणाली, "परशराम, आमच्या सुताला काळा रंग द्यायचा न्हवता बाबा. द्यायचाच असता तर रंगाऱ्याकडं दिलं असतं." तू हसलास. पेट्रोलच्या कूपनावर जेवढं मिळायचं तेवढं ती निपाणीला जाईपर्यंतच पिऊन टाकायची. परत येताना तू ढकलत यायचास आणि लुगड्यांची गाठोडी डब्यात बसून यायची.

मग सुरू झालं तुझं ते कारबुरेटरचं वेड. मुठीत मावेल एवढं ते यंत्र. त्यात हवा आणि पेट्रोल एकमेकांत मिसळतं, आणि पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो एक पितळेचा इवलासा खिळा, मधे भोक असलेला. जेट म्हणायचास तू त्याला. भोक मोठं झालं तर गाडी अधाशासारखी पिते आणि काळं ओकते, बारीक झालं तर उपाशी राहून आतून तापते. हे सगळं मी तुझ्याकडूनच शिकले. एवढं शिकले की आता तुझ्यावर रागवायलासुद्धा मला त्यातलेच शब्द सापडतात.

आणि ते भोक मोठं कुणी केलं होतं? सांग की आता. तूच. गाडी जरा अडखळली की तू जेट काढायचास आणि सुईनं टोकरायचास. कुठली सुई? मागाच्या फणीत सुताचं कुसपट अडकलं की काढायची पोलादी सुई. विणकराचा हात, काही अडकलं असं वाटलं की त्या सुईकडं आपोआप जातो. फणी लोखंडी तारांची, तिला काही होत नाही. पितळ बिचारं मऊ. निपाणीच्या हुसेन मिस्त्रीनं पहिल्यांदा जेट उजेडाला धरून बघितला तेव्हा तो म्हणाला होता म्हणे, "अण्णा, हे गाडीचं भोक हाय का नाकातली चमकी घालायचं?" हे तूच घरी येऊन सांगितलंस आणि पोट धरून हसलास. हसता हसता खोकलास. आम्हीही हसत होतो. खोकल्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

नवा जेट कुठं मिळेना. लढाईनं सगळंच गिळलं होतं. मग मिस्त्रीनं युक्ती सांगितली, भोक कथलाच्या डागानं बुजवायचं आणि पुन्हा नवं पाडायचं, बारीक. पाडणार कोण? तुझे हात लागले थरथरायला. तेव्हा तू माझ्याकडं आलास.

तो दिवस मला आठवतो, आणि त्या दिवसासाठी मी तुझी ऋणी आहे, रागात असले तरी. माझं कपाळ पांढरं झालं आणि मी परत माहेरी आले, तेव्हा तू खिडकीपाशी तुझा स्वतःचा माग होता तो उचलून आत नेलास आणि ती जागा मला दिलीस. "आक्का, सांधणीला उजेड लागतोय, तू हितं बस." ताण्याचा एकेक धागा धाग्याला पिळून जोडत मी त्या उजेडात बसले ती आजपर्यंत. त्याच खिडकीत तू तो जेट शिकंज्यात धरलास. मी मोडकी शिवणाची सुई घासून चपटी केली, लाकडात बसवली आणि दोन बोटांत फिरवत बसले.

"हळू, आक्का."

"तू गप बस."

"तिरकी चाललीया."

"तुझी मान तिरकी हाय. सरळ बस."

दुपार सरली. सुई पलीकडं निघायला आली तेवढ्यात तू खोकलास. सगळा शिकंजा हलला आणि भोक वाकडं झालं. पुन्हा डाग, पुन्हा पहिल्यापासून. मी चिडले. म्हणाले, "जरा दम धरता येत न्हाय तुला?" तू म्हणालास, "धरत हुतो की गं. तोच तर सुटला." त्या दिवशी मी तुझा खोकला पहिल्यांदा नीट ऐकला. वरवरचा नव्हता तो, फार खालून येत होता.

एकदा मला डब्यात बसवून निपाणीला नेलंस. गाठोड्यांवर मी, डोक्यावरचा पदर दातांत धरून. वाटेत लोक थांबून बघत होते आणि तू ओरडून सांगत होतास, "माझी आक्का हाय, माल न्हवं." तवंदीच्या घाटात तू गाडी जोरात पिळलीस आणि वर पोचल्याबरोबर इंजन एकदम बंद करून, पळत जाऊन प्लग काढलास. चटका बसला तर बोट कानाच्या पाळीला लावलंस. मग तो प्लग माझ्यासमोर धरलास, बाळंतिणीच्या खोलीतून पोर बाहेर आणून दाखवतात तसा.

"ह्यो बघ आक्का. काळा आला तर पेट्रोल जास्त. पांढरा आला तर आत आग पडलीया, इंजन मरतंय."

"मग चांगला कसा असतोय?"

"तंबाखूच्या वखारीत बघितलंस न्हवं पान? भाजल्यागत, पिवळं-तपकिरी. निपाणीच्या पानाचा रंग आला की समजायचं, आत सगळं ठीक हाय."

त्या दिवशी रंग काळाच होता. वखारीवरून जाताना तंबाखूची धूळ आली, मला शिंका आल्या, तुला खोकला आला, आणि तेव्हापासून तुला कारण सापडलं. कधीही विचारलं की, "तंबाखूची धूळ, आक्का." घरी बसून खोकलास तरी तंबाखूची धूळ. शहापुरात कुठली रं तंबाखूची वखार?

तुझी शिस्त अशी होती की जेटला हात लावायच्या आधी बाकीचं सगळं तपासायचं. पेट्रोलची वाटी तपासायची, चाळणी तपासायची, हवा कुठल्या फटीतून आत शिरते ते ओला बोळा फिरवून बघायचं. "आधी बघायचं आणि मग बदलायचं, आक्का. न बघता बदलणारा गाढव." हे तूच म्हणायचास. आठवड्याला एकदा त्या गाडीचं सगळं पोट उघडून ओसरीवर मांडलेलं असायचं, आणि स्वतःच्या अंगातला सदरा काढून डॉक्टरापुढं बसायचं म्हटलं की तू दुसरीकडं बघायचास.

इंदूचं लग्न जांबोटीच्या घरात ठरलं, मार्गशीर्षात करायचं म्हणून. मी श्रावणापासून तुझ्या मागं लागले.

"परशा, मिरजेला जा."

"जातो की."

"कवा?"

"जेट बसू दे."

"जेट बसूस्तवर तू उठशील काय?"

"असं वंगाळ बोलतेस बघ तू."

तानूही म्हणाली, इंदूही म्हणाली. शेवटी दसऱ्याला शपथ घातली तुला. गाडीची पूजा झाली, झेंडू वाहिला, आणि तू म्हणालास, "उद्या जातो. गाडीवरच जातो. निपाणीवरून पुढं मिरज." मी पहाटे उठून भाकरी केल्या, शेंगांची चटणी कुटली, वांगं भाजून भरीत केलं. फडक्यात बांधून डब्यात ठेवलं. तू वळणावर जाईपर्यंत मी दारात उभी होते.

दिवेलागणीला आलास. चेहरा उजळलेला. मला वाटलं, डॉक्टरनं धीर दिला. तू बसून सगळं सांगितलंस. डॉक्टर गोरा होता, उंच होता, ताडासारखा वाकून बघत होता. नळी गार लागली. "मोटा शास घेव" म्हणाला, मोडक्या मराठीत. तू त्याची नक्कल केलीस. तानू हसली, इंदू हसली, मी तर डोळे पुसेपर्यंत हसले. धूळ आहे, बाकी काही नाही, असं म्हणाला म्हणे. आणि औषधाची बाटली दिली.

परशा, त्या गोऱ्या डॉक्टरला मी आता कुठं शोधू? त्याला मी देवापुढं दिवा लावताना दुवा देत होते. तो जन्मालाच आला नव्हता.

ते औषध मी माझ्या हातानं पाजलं तुला. सकाळी, दुपारी, रात्री जेवणानंतर. कामात असले तरी उठून. तू डोळे मिटून, तोंड वाकडं करून प्यायचास आणि म्हणायचास, "कडू जहर हाय गं." मी वर गुळाचा खडा द्यायची. बाटली संपली की निपाणीच्या बाजाराला जाऊन भरून आणायचास. मिरजेचं औषध निपाणीच्या दुकानात मिळतं म्हणालास, आणि मी म्हणाले, बरं झालं, एवढा हेलपाटा वाचला.

लग्न झालं. वरातीत तू नाचलास. मग पौष गेला, माघ गेला. होळीनंतर तू उठला नाहीस. रक्ताच्या गुळण्या बघितल्या तेव्हा बाटली माझ्या हातात होती, आणि मी वेड्यासारखी तीच पाजत होते.

आता मिस्त्रीचं सांगते. दहावं झालं त्या संध्याकाळी हुसेन मिस्त्री निपाणीहून आला. बिचारा पायरीवरच बसला. डोळे लाल. मी चहा दिला. तो कपाकडं बघत तुझं बोलायला लागला.

"आक्का, असा माणूस न्हाई. जेट बसस्तवर सोडायचा न्हाई. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तर कमाल केली त्यानं. सकाळी आला तो दिवसभर माझ्यापाशी. घाट चढतोय, उतरतोय, प्लग काढतोय, पुन्हा चढतोय. आणि आणला की रंग. असा पिवळा, असा तपकिरी. मला मिठी मारली त्यानं रस्त्यात."

मी म्हणाले, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो मिरजेला गेलता, मिस्त्री."

"न्हाई वो. माझ्यापाशीच हुता. दुपारी जेवलो की एकत्र. तुमच्या हातची शेंगाची चटणी, वांग्याचं भरीत. म्हणाला, आक्कानं बांधून दिलंय, खा. अजून जिभेवर हाय."

त्याला काही कळलं नव्हतं. तो पुढं सांगतच होता.

"मी म्हटलं बी त्याला, अण्णा, ह्यो खोकला बरा न्हाई. अजून दुपार हाय, मिरज गाठशील. तर म्हणाला, मिस्त्री, तिथं गेलो की ते नाव घेणार. एकदा नाव पडलं की कानोकानी जांबोटीला पोचतंय. क्षयाच्या घरातली पोर कोण करून घील? आधी पोरगी उजवू दे, मग बघू. मग माझ्या बायकोनं जेष्ठमधाचा काढा करून दिला त्याला, सरबताच्या बाटलीत. मग दर बाजाराला न्ह्यायचा. गुण आला असंल थोडातरी?"

"कडू असतोय काय वो तो काढा?" मी विचारलं.

"कडू? जेष्ठमध वो आक्का. गोड असतोय की."

मिस्त्रीचा काय दोष? त्याच्या बायकोनं मायेनं दिलं, त्यानं मायेनं सांगितलं. त्याला अजून एक कप चहा दिला. तो गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन दार लावलं आणि तुला मोठ्यानं शिव्या दिल्या. तानूला वाटलं, मी हंबरडा फोडला.

गोड काढा पिऊन तोंड वाकडं करत होतास. वर माझ्याकडून गूळ खात होतास. मला काय समजलास तू? मुलीसाठी केलंस, कळलं मला. बापाची माया कळली. पण मला का नाही सांगितलंस? तानू भोळी, इंदू लहान, समजू शकते. मी? आक्का बडबडी आहे, तिच्या पोटात काही राहत नाही, सकाळी कळलं तर दुपारपर्यंत शहापूरभर करील, असंच ना?

तर आता ऐक. तुझे ते तेलाचे बोळे. खोकला आला की तू गाडी पुसायचा काळा बोळा तोंडाला लावायचास. रुमाल कधी लावला नाहीस. मला श्रावणातच कळलं का ते. काळ्या तेलात लाल दिसत नाही. पण मी धुणं धुवून म्हातारी झालेली बाई, परशा. बोळा उन्हात धरला की तेल कुठलं आणि रक्त कुठलं ते मला कळतं. एकेक बोळा मी उचलला आणि पाणी तापवायच्या चुलीत घातला. जांबोटीची माणसं इंदूला बघायला आली त्या सकाळी तर तुझ्या गाडीखालचा सगळा ढीग मी जाळला, आणि पाहुणे येईपर्यंत धूर जावा म्हणून दारात सुपानं वारा घालत बसले. संध्याकाळी तू माझ्यावरच ओरडलास, "आक्का, माझे बोळे कुठं जातात? ह्या घरात एक चिंधी टिकत न्हाय." मी म्हणाले, उंदीर नेत असतील.

कुणाला बोलले मी? तानूला नाही, इंदूला नाही, पार्वताक्काला नाही, देवालासुद्धा नाव घेऊन सांगितलं नाही. तुला तेवढं म्हणत होते मिरजेला जा, मिरजेला जा, कारण मला वाटलं तू शहाणा आहेस, डॉक्टर सांगेल ते ऐकशील, आणि मग आपण दोघं मिळून लपवू. तू डॉक्टरची 'धूळ' घेऊन आलास आणि रक्त बघितलेलं असूनही मी ती खरी मानली, कारण मला मानायची होती. दोघं मिळून लपवलं असतं तर ओझं हलकं झालं असतं. तिथं हवा बदलायला सांगतात, दूध-अंडी खायला सांगतात, काही लोक उठतातही म्हणे. काही लोक उठतात. तू एकाच ओसरीवर माझ्यापासून लपवत राहिलास आणि मी तुझ्यापासून. दोघंही एकच गोष्ट.

हे झालं मिस्त्रीचं. मला वाटलं, राग इथं संपेल. संपला नाही, कारण मग मी जांबोटीला गेले.

जावंच लागलं. इंदू तुझ्या घरात वाढली, तुझ्या ताटात जेवली. तानू तर तुझ्या उशाशी झोपायची. दोघींना डॉक्टरला दाखवायला पाहिजे, आणि इंदूला न्यायचं तर तिच्या सासूला खरं सांगायला पाहिजे. तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी निघाले. सर्व्हिस मोटार मधेच सोडून गेली, पुढं चालत. वाटभर मी मनात वाक्य जुळवत होते. खरं सांगितलं आणि तिनं पोरीला परत पाठवलं तर? तू ज्यासाठी मेलास तेच मी माझ्या तोंडानं मोडायला निघाले होते. दोनदा झाडाखाली बसले. परत फिरावं वाटलं. पण मग तुझी ती वाकडी तोंडं आठवली, आणि उठले. आणखी कुणाला गोड काढा पाजायचा नव्हता मला.

इंदूची सासू मागच्या अंगणात शेणी थापत होती. हात शेणात तसेच ठेवून तिनं माझं ऐकलं. मी सगळं सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. मग म्हणाले, "इहीणबाई, आता तुमी सांगाल तसं."

ती शेणी थापतच राहिली. मग म्हणाली, "आमाला ठावं हुतं की."

"काय ठावं हुतं?"

"अहो, वरातीत तुमच्या भावाचा खोकला वाजंत्र्याच्या वर ऐकू यायलता. आमी काय भैरे हाय? बघायला आलतो तवाच ह्यांनी वळखलं. ह्यांचा थोरला भाऊ त्यातच गेला. खांद्याची हाडं बघितली की कळतंय." तिनं एक शेणी भिंतीला चिकटवली. "ह्यांनी इचारलं, काय करायचं? मी म्हटलं, पोरगी धडधाकट दिसती, भाताच्या लावणीला हात चांगला चालंल, पोराला पसंत हाय. बाप काय आपल्या घरात नांदायला यायचा न्हाय."

"मग बोलला का न्हाय तुमी?"

"तुमी लपवत हुता, म्हटलं लाजत्यात. चार लोकांत कशाला लाजवायचं?" मग शेणाचा नवा गोळा उचलत म्हणाली, "न्या पोरीला. चांगली तपासा. माझ्या लेकाला बी न्या, दोघांना बघू द्या. पण पाऊस लागायच्या आत धाडा, लावणीला माणूस न्हाय माझ्याकडं."

इंदू दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती आत गेली आणि माझ्यासाठी ताक घेऊन आली. तिचे हात अगदी तुझ्यासारखे आहेत, लांब बोटांचे. ताक पिताना मला समोरचं दिसेना.

ऐकलंस, परशा? त्यांना माहीत होतं. पोरगी बघायला आले त्या दिवसापासून माहीत होतं. मी चुलीत बोळे जाळून सुपानं धूर घालवत होते, तू घाटात प्लगचा रंग बघत होतास, आणि ती माणसं आपल्याच ओसरीवर पोहे खात सगळं ओळखून बसली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू निपाणीवरून पुढं गेला असतास तर काही मोडलं नसतं. काहीही मोडलं नसतं. न बघता ठरवलंस तू. न बघणाऱ्याला तू काय म्हणायचास, ते मी आता पुन्हा म्हणत नाही.

तुझी गाडी अंगणात तशीच आहे. मिस्त्री म्हणाला, कुणी जेटला हात लावू नका, असा बसलेला जेट पुन्हा बसायचा नाही. मी हात लावत नाही. तिच्याकडं बघतसुद्धा नाही फारशी.

परवा सकाळच्या आगगाडीनं मी इंदूला, जावयाला आणि तानूला घेऊन मिरजेला जाते. तिथं छातीचा फोटो काढतात म्हणे. मी भाकरी बांधून घेणार आहे, आणि ती आम्ही मिरजेलाच खाणार आहोत. काय सांगतील देव जाणे. चांगलं सांगितलं तर माझा राग निम्मा होईल. निम्माच, जास्त आशा धरू नको. वाईट सांगितलं तर मात्र, परशा, मला कुणीतरी भांडायला लागेल, आणि ह्या घरात माझ्याशी भांडणारा तू एकटाच होतास.

भाद्रपदात पितरांना जेवायला बोलावतात तेव्हा तुझंही पान वाढूच. पण भाद्रपद लांब आहे. एवढे दिवस हे सगळं मी पोटात धरून बसू शकत नाही. म्हणून म्हणते, आमंत्रणाची वाट बघू नको. आम्ही मिरजेहून आलो की ये. कुठल्याही दारानं ये, तेलकट हातानं ये, आणि खोकत आलास तरी चालेल, आता कुणापासून लपवायचं काही राहिलेलं नाही. माझी जागा सोडून मी तुला खिडकीपाशी बसवते. फक्त लवकर ये.